ट्विनफ्लॉवर ओळखताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स भागातल्या जुन्या पाइनबनात ट्विनफ्लॉवर (एकाच दांड्यावर घंटेसारख्या फुलांची जोडी येणारी छोटी सरपटती वेल) शोधायला जाणारे बरेच जण त्याच्यावर पाय देऊनच पुढे जातात. कारण डोळे फक्त गुलाबी फूल शोधत असतात. हे फूल साधारण जून ते ऑगस्टमध्येच दिसतं. एरवी शेवाळावर पसरलेली बारीक वेल आणि पानं, एवढंच. म्हणून आधी पान ओळखायला शिका.

पान नखाएवढं, गोलसर, समोरासमोर जोडीनं येणारं. कडेला दाते मोजकेच, तेही वरच्या अर्ध्या भागात. देठाकडच्या अर्ध्या कडेला दाते नसतात. खरी फसगत इथेच होते. स्पीडवेल या छोट्या रानरोपाची पानंही जोडीनंच येतात आणि त्याच्या काही जातीही जमिनीलगत सरपटतात. पण त्यांचे दाते जवळजवळ पूर्ण कडेभर असतात. काउबेरी या बुटक्या झुडपाशी होणारा गोंधळ लवकर सुटतो. तिची पानं जाड, तकतकीत आणि एकाआड एक असतात.

फुलोऱ्यात दुसरी चूक होते. एकच घंटा दिसली की लोक म्हणतात, हे ते नव्हे. जोडीतली एक गळून गेलेली असू शकते, त्यामुळे दांड्याच्या टोकाला बेचकं आहे का ते बघा. त्याच जंगलात क्वचित भेटणाऱ्या एकफुली विंटरग्रीनला बेचकं नसतं आणि तिचं पांढरं फूल चांगलं उघडं, पसरट असतं.

फोटो वरून काढू नका. घंटा खाली झुकलेल्या असतात, वरून फक्त पाठ येते. मोबाइल जमिनीला टेकवून बाजूनं घ्या, म्हणजे आतल्या गडद गुलाबी रेघाही दिसतील. पानाचा जवळून एक फोटो हवाच.

पानं ताडून बघायला वेल उपटणं मात्र अक्षम्य आहे. मोठा ताटवा दिसला की भरपूर रोपं आहेत असं वाटतं. पण वेल जागोजागी मुळं धरत पसरते, त्यामुळे तो सगळा ताटवा एकाच रोपाचा असू शकतो. स्वतःच्याच परागांनी या झाडाला बी जवळपास धरत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये असे ताटवे एकमेकांपासून फार दूर उरले आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसला अतिशय प्रिय असलेलं, शास्त्रीय नावात (लिनिया) त्याच्याच नावानं ओळखलं जाणारं हे झाड आहे. ते तिथंच राहू द्या. फोटो, तारीख आणि नेमकी जागा त्या परगण्याच्या वनस्पती-नोंदी ठेवणाऱ्यांकडे पाठवा.