नवीन उपचाराची बातमी आली की आधी काय बघायचं

घरात कोणी आजारी असलं की "शास्त्रज्ञांना सापडला कायमचा इलाज" टाईपची लिंक दर दोन दिवसांनी येतेच, आणि पाठवणाऱ्याचा जीव तुटत असतो म्हणून तो पाठवतो, त्यामुळे त्याला झिडकारायचं नाही. पण बातमी वाचून आशेवर किंवा पैशावर काही निर्णय घ्यायच्या आधी मी काय काय बघते ते लिहिते. मावशीच्या डायबेटिसपायी हे हळूहळू शिकत गेले.

सगळ्यात आधी हे शोधा की प्रयोग कोणावर झालाय. लॅबमधल्या डिशमधल्या पेशींवर, उंदरावर, की माणसांवर? हेडिंगमध्ये हे बहुतेक वेळा नसतंच, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात कुठेतरी "उंदरांमध्ये" असा एक शब्द असतो. उंदरात चाललेल्या बऱ्याच गोष्टी माणसात चालत नाहीत. माणसांवर झाला असेल तर ट्रायलचा (माणसांवरच्या चाचणीचा) कुठला फेज, म्हणजे टप्पा, ते बघा, पहिल्यात थोड्या लोकांवर मुख्यतः सेफ्टी आणि डोस बघतात, दुसऱ्यात फायदा होतोय का याचा अंदाज घेतात, आणि तिसऱ्यात मोठ्या गटावर आत्ताच्या उपचाराशी किंवा प्लासिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना करतात. औषधाचं नाव क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या साईटवर टाकलं की ट्रायल कुठल्या फेजला आहे, किती लोक आहेत, संपली की थांबवली, हे फुकट दिसतं.

मग खरंच मोठी बातमी कशी असते? क्रिस्पर घ्या. जीन एडिटिंगची, म्हणजे पेशीतल्या जनुकात नेमका बदल करण्याची, ही पद्धत शोधल्याबद्दल जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिये यांना २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, ब्रिटनमध्ये मंजुरी मिळाली, सिकल सेल आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी. सिकल सेलच्या ट्रायलमध्ये ज्यांचा पुरेसा फॉलोअप झाला होता अशा ३१ पैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा मोठा झटका आला नाही. वाचून अंगावर काटा येतो. पण "एक इंजेक्शन आणि झालं" असं ते अजिबात नाही! पेशंटच्याच रक्तातल्या मूळपेशी काढतात, त्यात बीसीएल११ए या जीनचं काम कमी होईल असा बदल करतात म्हणजे गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन परत बनायला लागतं, आणि त्या पेशी परत सोडण्याआधी हाडांमधली जुनी मज्जा रिकामी करायला जोरदार केमोथेरपी द्यावी लागते, त्यात मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. म्हणून दुसरा प्रश्न कायम हा विचारा, पेशंटला प्रत्यक्ष कशातून जावं लागतं?

डिजिटल गोष्टींचं थोडं वेगळं आहे, तिथे आधी विचारा की हे यंत्र नक्की काय मोजतं. मावशीने सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ घ्यायचं ठरवलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) स्पष्ट सांगितलं की त्वचेला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेततं. खरा सीजीएम, म्हणजे दिवसरात्र शुगर मोजत राहणारा सेन्सर, वेगळा, दंडाला चिकटवायचा, त्याची बारीक तार कातडीखाली जाते आणि ती पेशींभोवतालच्या द्रवातली शुगर मोजते, रक्तातली नाही, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. जेवणानंतर शुगर भराभर वर जात असताना बोट टोचून आलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका. रात्री त्याच कुशीवर झोपलं की दाब पडून सेन्सर खोटा लो दाखवतो, मावशीचा अलार्म पहाटे ३ ला वाजायचा तो यामुळेच. आता ती दुसऱ्या दंडाला लावते. शंका आली की बोट टोचून खात्री करायची, आणि शुगर उतरल्याची लक्षणं असतील तर आकडा काही का असेना आधी साखर.

एआय वाल्या तपासणीचं गणित तर कागदावर मांडूनच बघा. समजा "९० टक्के अचूक" टेस्ट आहे, म्हणजे आजारी ओळखण्यात ९० आणि निरोगी ओळखण्यातही ९०, आणि १००० लोकांत आजार १० जणांना आहे. त्यातले ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही पॉझिटिव्ह येईल, म्हणजे १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी फक्त ९. टेस्ट वाईट नाही, फक्त तिचं उत्तर शेवटचं नाही. म्हणून डायबेटिसमुळे डोळ्याचा पडदा खराब झालाय का हे बघणारी जी एआय सिस्टिम एफडीएने २०१८ मध्ये मंजूर केली ती दोनच गोष्टी सांगते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा किंवा १२ महिन्यांनी परत तपासा. तुमच्या हातातलं ॲप पुढे काय करायचं तेच सांगत नसेल तर सावध व्हा.

आणि डॉक्टरकडे जाताना लिंक दाखवू नका, त्यांना तेवढा वेळ नसतो, एका चिठ्ठीवर उपचाराचं नाव, फेज आणि "माझ्या वयाला आणि माझ्या बाकीच्या औषधांबरोबर हे चालेल का" एवढं लिहून न्या. ट्रायलमध्ये घेणारे लोक पैसे मागत असतील तर सही करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला तो कागद दाखवा, आणि आत्ता चालू असलेली गोळी मधल्या काळात बंद करू नका.