'शांत झाला' म्हणजे नेमके काय झाले? स्किझोफ्रेनियाच्या औषधांचे भावनिक परिणाम ओळखताना

औषधे सुरू होऊन कानातले आवाज थांबले आणि संशय ओसरला, की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतात, 'आता शांत झाला.' ही शांतता कोणत्या प्रकारची आहे, हे तपासणे शुभंकराचे, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाचे, काम आहे. मला ते उशिरा कळले. वडिलांच्या तेराव्याला माझा धाकटा भाऊ पाहुण्यांना पाणी देत होता, सतरंज्या उचलत होता आणि नातेवाईक त्याला खंबीर म्हणत होते. रात्री भांडी आवरताना तो म्हणाला, "ताई, बाबा गेले हे कळतंय, पण रडू येत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं आत सगळं बधिर झालंय."

अशा बधिरपणाचे कारण एकच नसते. भास आणि भ्रम कमी करणारी बहुतेक औषधे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे काम रोखतात. पण एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे, तिच्यासाठी उठावेसे वाटणे, यातही डोपामिनचाच वाटा असतो. म्हणून डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर भासांबरोबर उत्साहही मावळू शकतो. मात्र सगळा दोष गोळ्यांना देणे चुकीचे ठरेल. या गटातील पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 साली वापरात आले. त्याच्या कितीतरी आधी, 1911 च्या आपल्या ग्रंथात, स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी भावनांचे बोथटपण हे या आजाराचेच लक्षण म्हणून नोंदवले होते. त्यामुळे निष्प्रेमपणा आणि अलिप्तता औषधापूर्वीही होती का, की औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आली, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा.

दुसरा प्रश्न शुभार्थीला, म्हणजे रुग्णाला, विचारायचा असतो, आणि तो निवांत वेळी, आरोपाचा सूर न लावता विचारावा: "आनंद होतो पण चेहऱ्यावर दिसत नाही, की आतच होत नाही?" काही औषधांमुळे स्नायू आखडतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, चालताना हात हलेनासे होतात, अशा माणसाला आतून सगळे जाणवत असते आणि आपण मात्र त्याला कोरडा समजतो. कुणाला नुसती गुंगी असते, जी सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी असते. उदासी, अपराधी वाटणे, 'मी तुमच्यावर ओझे आहे' अशी वाक्ये ऐकू येऊ लागली, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

सर्वांत जास्त गफलत होते ती अकॅथिसियाच्या बाबतीत. यात माणसाला आतून असह्य तगमग होते, विशेषतः पायांत, आणि एका जागी बसवत नाही. बहुधा औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून काही दिवसांत किंवा आठवड्यांत ती सुरू होते. माझा भाऊ जेवताना दोन घास घेऊन उठायचा, व्हरांड्यात फेऱ्या मारायचा, परत येऊन बसायचा, बसल्या बसल्या एक पाय दुसऱ्या पायावर घासत राहायचा. आम्ही डॉक्टरांना एवढेच सांगितले की 'अस्वस्थता वाढली आहे'. ते आजाराचे लक्षण समजले गेले, डोस वाढला आणि फेऱ्याही वाढल्या. आम्ही 'गोळी वाढवल्यापासून बसवत नाही' असे सांगायला हवे होते. डोस कमी करणे, औषध बदलणे, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडणे, असे उपाय डॉक्टरांकडे असतात. ही तगमग इतकी जीवघेणी होऊ शकते की मनात आत्महत्येचे विचार येतात. तसे बोलणे कानावर आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

तपासणीची वेळ थोडी असते, म्हणून एक साधी वही ठेवावी. औषधाचे नाव, डोस आणि तो बदलल्याची तारीख, झोपेचे तास, आणि रोज एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट लिहावी. 'मूड खराब' असे लिहिण्याऐवजी 'भाची आली, तिच्याशी बोलला नाही. पूर्वी तिला खांद्यावर घ्यायचा' असे लिहिले तर डॉक्टरांना त्यातून काहीतरी हाती लागते. शक्यतो शुभार्थीच्या संमतीनेच लिहावे आणि त्याचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी चुकते, कामेच्छा कमी होते. संकोचामुळे हे कोणी बोलत नाही, म्हणून शुभार्थीला डॉक्टरांशी एकट्याने बोलण्यासाठी पाच मिनिटे अवश्य मिळू द्यावीत.

बधिरपणा नको म्हणून परस्पर गोळ्या बंद करण्याचा मोह मी समजू शकते, पण तो टाळलाच पाहिजे. अचानक औषध तोडल्यास झोप उडते, आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि क्लोझापिनच्या बाबतीत तर तो विशेष गंभीर असतो. डॉक्टरांना 'गोळी बंद करू का?' असे न विचारता 'सध्याच्या डोसपेक्षा कमी डोसवर भास आटोक्यात राहतील का, हे हळूहळू पाहता येईल का?' असे विचारावे.

या काळात घरच्यांनी 'आळशी' हा शब्द पूर्णपणे सोडावा. शुभंकरालाही बोलायला कोणी लागते: पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अनेक वर्षे शुभंकर-शुभार्थींसाठी काम करत आहे, आणि शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आमच्याकडे डॉक्टरांनी पुढे डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. काही महिन्यांनी वडिलांचा जुना चष्मा टेबलाच्या खणात सापडला, तेव्हा भाऊ तो हातात धरून बराच वेळ रडला. त्या दिवशी वहीत मी फक्त तारीख आणि तेवढेच लिहिले.