लिव्हर खराब आणि छातीत दम, तर घरी काय बघायचं

सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेल्या पेशंटला दम लागायला लागला की घरचे एकतर हार्टचं समजून घाबरतात नाहीतर गॅस म्हणून सोडा पाजतात, आणि सोड्यातही सोडियमच असतं म्हणजे त्रास अजून वाढतो. होतं असं की पोटात साचलेलं पाणी छाती-पोटाच्या मधल्या पडद्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, आणि फुफ्फुसाला फुगायला जागा राहत नाही. काहींना उलटं असतं, बसल्यावर दम वाढतो आणि आडवं पडलं की बरं वाटतं, तसं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं असू शकतं आणि ऑक्सिजन कमी झालेला असतो. तरी आधी ईसीजी, एक्सरे, सोनोग्राफी करून घ्याच, लिव्हरवाल्याला हार्टचा त्रास होत नाही असं काही नाही.

आता घरातलं मुख्य काम म्हणजे मीठ. दिवसाला सगळं मिळून साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. आपल्या खान्देशात हे जड जातं हो, कारण वरून मीठ घेतलं नाही तरी शेवभाजीतली शेव, उडदाचे पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, लोणचं सगळ्यात मीठ आहेच, पापडखारही सोडियमच. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात तर बऱ्याच घरी दळतानाच खडेमीठ टाकतात, म्हणून पेशंटचं पीठ बिनमिठाचं वेगळं दळून आणा. भरीत चालतं, त्याच्या वाटणीचं मीठ टाकायच्या आधी बाजूला काढा, लिंबू पिळा, लसूण-कोथिंबीर जास्त घाला. सैंधव घेतलं तर चालतं हा गैरसमज आहे, आणि लो सोडियम मीठ विचारल्याशिवाय अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं आणि लघवीच्या (अंगातलं पाणी लघवीतून काढायच्या) काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं.

डाळ, दही, अंडी बंद करू नका, अंगातलं मांस झडतं. झोपायच्या आधी थोडं खायला द्या.

रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन लिहून ठेवा. भराभर वाढलं तर पाणी भरतंय, गोळ्यांनी रोज एक किलोच्या वर उतरत असेल तरी डॉक्टरांना फोन करा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीच्या गोळीचं आधी विचारा, किडनीवर येतं. दुखण्यावर डायक्लोफिनॅक, ब्रुफेन मेडिकलवरून आणू नका, दारू पूर्ण बंद, आणि झाडपाल्याचं औषध तर नकोच.

पाणी सुईने काढता येतं, पण छातीत नळी दिवसेंदिवस ठेवायची म्हणाले तर लिव्हरवाल्या डॉक्टरांचं मत घ्या, त्यातून प्रोटीन जातं, इन्फेक्शन होतं. परत परत भरत असेल तर ट्रान्सप्लांटचं लवकर विचारून ठेवा.

ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी शी, बडबड किंवा गुंगी, ओठ निळे, छातीत दाबून आल्यासारखं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा.