गिटलॅब कुबरनेटीस क्लस्टरला जोडताना
गिटलॅब (कोड ठेवण्याचं आणि तपासून चालवण्याचं साधन) कुबरनेटीस क्लस्टरला (कंटेनरमधली अ‍ॅप्स चालवणाऱ्या मशीनच्या गटाला) जोडायची सर्टिफिकेटची जुनी पद्धत गिटलॅब १४.५ पासून कालबाह्य ठरवली गेली आहे; एजंटच वापरा, म्हणजे क्लस्टरमध्ये बसवायचा गिटलॅबचा छोटा प्रोग्रॅम. एजंट क्लस्टरच्या आतून बाहेर संपर्क साधतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. हा फार मोठा फायदा आहे.

गिटलॅबमध्ये एजंटची नोंदणी करताना मिळणारं टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) एकदाच दिसतं, लगेच सुरक्षित ठेवा. मग हेल्मने (कुबरनेटीसवर सॉफ्टवेअर बसवण्याचं साधन) एजंट बसवा. एजंटच्या कॉन्फिग फाइलचं एक्स्टेंशन 'यामल' (.yaml) असं पूर्ण लिहा; 'वायएमएल' (.yml) हे छोटं रूप एजंट ओळखत नाही.

पाइपलाइनमध्ये (गिटलॅबच्या आपोआप चालणाऱ्या कामांत) कुबेक्टल ही कुबरनेटीसची कमांड चालवण्याआधी कॉन्टेक्स्ट, म्हणजे कोणत्या क्लस्टरशी बोलायचं ते, निवडा: एजंटच्या प्रोजेक्टचा पूर्ण पाथ, कोलन, एजंटचं नाव. हे राहिलं की कुबेक्टल बहुधा लोकलहोस्टचा ८०८० पोर्ट शोधतो आणि कनेक्शन नाकारलं जातं. हेल्म चार्ट (हेल्मचं इन्स्टॉल पॅकेज) एजंटला मुळातच क्लस्टर-अ‍ॅडमिनचे, म्हणजे संपूर्ण क्लस्टरवरचे, अधिकार देतो. प्रॉडक्शनमध्ये ते जरूर कमी करा.