खाणीचा अभ्यास विहिरीपासून सुरू करा

मी गोव्यातल्या डिचोलीत भूशास्त्र शिकवतो. खाणीवर प्रकल्प करायला मुलं आली की त्यांना आधी गावातल्या विहिरीवर नेतो. आमच्या खाणपट्ट्यात वर जांभा आणि खाली भुकटीसारखं भुसभुशीत लोहखनिज असतं, आणि पाणी धरून ठेवतं ते हेच खनिज. विकायचा माल आणि गावाचं पाणी एकाच थरात आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढे चला.

विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेपने पाण्याची खोली मोजा. मे महिन्यातली नोंद चुकवू नका. खाणीपासून लांब, तशाच जमिनीतली एक विहीरही घ्या, नाहीतर कमी पावसाचा दोष खाणीवर जाईल. खंदक भूजलाच्या खाली गेला की पंप लावून पाणी उपसतात, आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या आटलेल्या विहिरींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. गोव्यातल्या खाणी ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात आपल्या विहिरीचं पाणी कुठपर्यंत होतं, हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचाराच. पाणी रोज त्यांनीच ओढलंय.

दगड ओळखणं त्यामानाने सोपं. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर तुकडा घासा. हेमाटाइट या लोहखनिजाचा कस, म्हणजे घासल्यावरची रेघ, तांबडी उमटते, मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची काळी, आणि मॅग्नेटाइटला चुंबकही चिकटतं. मग तुकडा हवेत आणि पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागलं की पाण्याच्या तुलनेतली घनता मिळते. शुद्ध हेमाटाइटची सुमारे 5.2, गारेची (क्वार्ट्झची) 2.65. तुमचा आकडा या दोहोंच्या मध्ये आला, तर गार मिसळलेली असू शकते. खनिजाचा साठा किती, हे मात्र वरून कळत नाही. त्यासाठी ठरावीक अंतरावर बोअर घेऊन प्रत्येक थराची जाडी आणि प्रत तपासावी लागते.

डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढीगही मोजा. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते, आणि पावसात ती वाहून शेतात उतरते. जुन्या उपग्रह-चित्रांत डंप कसा वाढत गेला ते दिसतं. खंदकाच्या काठावर परवानगीशिवाय जायचं नाही, हे मी बजावून सांगतो.

शेवटी खाणीचा पर्यावरण परिणाम अहवाल वाचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर मिळतो. सगळ्यात आधी पाण्याच्या आणि गाळाच्या नोंदी कोणत्या महिन्यांतल्या आहेत ते पाहा. बहुतेक अहवालांत त्या पावसाळा वगळून एकाच ऋतूच्या असतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात गाळाचा अंदाज कोरड्या दिवसांवरून बांधणं मला मान्य नाही. जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. तुमच्या विहिरीच्या नोंदी तारखांसह सुनावणीत लेखी द्या आणि पोच घ्या.