पाऊस गेला, आता कुंड्यांकडं बघा

साताऱ्यात परतीचा पाऊस एकदा गेला ना की दुपारी ऑक्टोबर हीट आणि पहाटे गोधडी असं दोन्ही चालू होतं, आणि हाच टाइम आहे टेरेसवर मेथी-कोथिंबीर लावायला. पावसानं कुंडीतली माती दगडासारखी बसलेली असते, ती आधी खुरप्यानं उकरा, दोन दिवस ऊन खाऊ द्या, मग त्यात कुजलेलं शेणखत मिसळा. खालची भोकं बुजलीत का तेपण बघा, माझी गेल्या वर्षीची अख्खी शेवंती त्यातच कुजली. धने तसेच टाकायचे नाहीत, लाटणं हलकं फिरवून एकाचे दोन करायचे, रात्रभर भिजवायचे, उगवायला 8-10 दिवस तरी लागतात, तोवर आमच्या आईसारखं रोज माती उकरून बघू नका! मेथी बरी, 3-4 दिवसांत वर, महिन्याभरात भाजी. पाणी सकाळी, झारीनंच.

बाकी चालायची सवय लावायची तर पहाटे अजिंक्यतारा आहेच. कासची फुलं सरत आली असतील, जायचं तर लवकर जा, फक्त रविवारी नको, नुसत्या गाड्याच बघून याल.