फाशीच्या खटल्यातला सी.ए. रिपोर्ट कसा तपासावा

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, कलम ४०७; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३६६). आरोपीच्या अपिलाची मुदत मात्र फक्त ३० दिवसांची. विधी सेवा समितीकडून असं प्रकरण हातात आलं की बहुतेक ज्युनिअर वकील मुंबईतल्या कलिना न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा सी.ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट उघडतात आणि थेट शेवटचा परिच्छेद वाचतात: डीएनए जुळला. सुरुवात तिथून करू नका. घटनास्थळी किंवा दवाखान्यात घेतलेला नमुनाच टेबलावर पोचला का, हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर मशीन कितीही अचूक असो, रिपोर्टाला अर्थ उरत नाही.

त्यासाठी नुसतं पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी छापलेला खटल्याच्या कागदांचा संच, पुरत नाही. जप्ती पंचनामे, मेमोरँडम पंचनामा (आरोपीने वस्तू काढून देतो म्हटल्याची नोंद), मुद्देमाल रजिस्टरचा उतारा, स्टेशन डायरीतल्या नोंदी, प्रयोगशाळेला लिहिलेलं फॉरवर्डिंग पत्र, प्रयोगशाळेची पोच आणि पार्सल घेऊन गेलेल्या हवालदाराचा जबाब, एवढं गोळा करा. जे मिळत नाही त्यासाठी लेखी अर्ज करा, म्हणजे ते मिळालं नाही हेही रेकॉर्डवर येतं.

मग एका मोठ्या कागदावर प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ आखा. रकाने असे: कधी, कुठे आणि कोणासमोर जप्त, कशात बांधली, सील कुणाचं, पोलीस ठाण्यात जमा कधी, बाहेर कधी, कुणाच्या हाती, प्रयोगशाळेत पोच कधी, रिपोर्टची तारीख. समजा शर्ट ३ तारखेला जप्त झाला आणि कलिन्याला १६ तारखेला पोचला. मधले १३ दिवस तो कुठे होता? मुद्देमाल कारकुनाची साक्ष झाली आहे का? लाखेवर उठवलेला पितळी शिक्का त्या काळात कुणापाशी होता? शिक्का आणि पार्सल दोन्ही तपास अधिकाऱ्याकडेच असतील, तर सील उघडून पुन्हा लावणं अशक्य नव्हतं. रिपोर्टच्या वरच्या भागात 'सील शाबूत, पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे' अशा अर्थाची ओळ असते. सीलचा तो नमुना खरोखर पाठवला होता का, हे फॉरवर्डिंग पत्रात पाहा. पार्सलांची संख्याही जुळवा. पंचनाम्यात सात आणि पोचपावतीवर आठ असतील, तर आठवं कुठून आलं हा तुमचा पहिला प्रश्न.

हे तांत्रिक खुसपट नाही. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडलं. नमुने पोलिसांच्या मालखान्यात पडून होते आणि प्रयोगशाळेने कोणतं तंत्र कसं वापरलं हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या गुन्ह्यातही मे २०२३ मध्ये फाशी रद्द होऊन आरोपी सुटला. तिथे नमुने पाठवायला झालेल्या उशिराचं स्पष्टीकरण नव्हतं. १५ जुलै २०२५ च्या निकालात (तमिळनाडूचं प्रकरण, तेही फाशीचंच) सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी नियमच घालून दिले: पाकिटावर गुन्हा क्रमांक आणि कलमं, नमुना घेतल्याच्या कागदावर डॉक्टर, तपास अधिकारी व स्वतंत्र पंच यांच्या सह्या, ४८ तासांत प्रयोगशाळेत पोच, उशीर झाल्यास लेखी कारण, आणि सुरुवातीपासून निकालापर्यंत चालणारं ताब्याचं रजिस्टर. हा निकाल समोर ठेवून तक्ता तपासा. गुन्हा जुना असला तरी कुठे बोट ठेवायचं ते त्यातून कळतं.

२००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व १२ जणांना निर्दोष ठरवलं. त्यांत पाच जणांना फाशीची शिक्षा झाली होती. हस्तगत स्फोटकांचं सील आणि ताबा सिद्ध न होणं हे त्यातलं एक कारण. पण तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, त्यामुळे युक्तिवादात तो टेकू म्हणून धरू नका.

नमुना कशात ठेवला होता, यावरही बरंच अवलंबून असतं. डीएनएसाठी रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या बाटलीत घेतात आणि थंड ठेवतात. रक्ताळलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात. ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की जिवाणू आणि बुरशी डीएनए खातात. मुंबईच्या पावसाळ्यात तर फार लवकर. दोन वस्तू एकाच गाठोड्यात बांधल्या असतील तर एकीवरचं दुसरीला लागतं. आरोपीचे आणि पीडितेचे कपडे एकाच वेळी, एकाच टेबलावर बांधले का, हा प्रश्न उलटतपासणीत हमखास विचारा.

आता रिपोर्ट. सही कोणाची ते आधी पाहा. कलम ३२९ (जुने २९३) खाली साक्षीशिवाय वाचला जाणारा रिपोर्ट त्या कलमातल्या यादीत दिलेल्या पदावरच्या तज्ज्ञाचाच असावा लागतो. सही योग्य असली तरी तज्ज्ञाला बोलावण्याचा अर्ज खालच्या कोर्टातच द्या. तिथे राहून गेलं असेल तर उच्च न्यायालयात कलम ४०८ किंवा ४३२ खाली जादा पुराव्याची मागणी करता येते.

डीएनए रिपोर्टसोबत अलील तक्ता (डीएनएच्या प्रत्येक जागी कोणतं रूप सापडलं त्याची यादी) आणि इलेक्ट्रोफेरोग्रॅम, म्हणजे शिखरांचे आलेख, मागा. एका जागी दोनपेक्षा जास्त शिखरं वारंवार दिसली तर नमुना मिश्र आहे. मग तो कोणाकोणाचा आणि वेगळा कसा केला, याचं उत्तर तज्ज्ञाने द्यायला हवं. चाचणी वाय-एसटीआर, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची, असेल तर बाप, भाऊ, चुलत भाऊ सगळ्यांचा निकाल सहसा सारखाच येतो. एकाच वाडीतले, एकाच घरातले संशयित असतील तर त्या जुळणीने कोणी एक जण ठरत नाही. 'जुळला' म्हटलं पण किती लोकांत असा योग येतो हा आकडा दिलाच नाही, तर तो शब्द अर्धवट आहे. आकडा असेल तर त्याचा उलटा अर्थ कोणी लावत नाही ना, ते पाहा. लाखात एकाशी जुळणारा नमुना म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक, असं मुळीच नाही.

रक्तगटाचं तर आणखी सोपं. 'मानवी रक्त, गट बी' यातून जवळपास काहीच ठरत नाही, कारण बी गट आपल्याकडे सुमारे तीनातल्या एकाचा असतो. चाकूवर 'मानवी रक्त, गट अनिर्णीत' लिहिलेलं असताना निकालपत्रात 'मृताचं रक्त' छापून आलेलं असतं. ही ओळ शोधा, अधोरेखित करा.

सूक्ष्मदर्शकाखाली केसाची तुलना किंवा दातांच्या खुणा असतील तर जास्तच सावध व्हा. अमेरिकेत एफबीआयने २०१५ मध्ये केसांच्या साक्षींचा आपला जुना हिशेब मांडला. आरोपीविरुद्ध साक्ष दिलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये तज्ज्ञांनी विज्ञानापलीकडचं बोललं होतं. त्यांत ३३ जणांना फाशीची शिक्षा झालेली, आणि नऊ जणांची अमलात आलेली.

शेवटी कलम ३५१ (जुने ३१३) खाली न्यायाधीशांनी घेतलेला आरोपीचा जबाब उघडा. रिपोर्टमधली प्रत्येक प्रतिकूल बाब त्याला समजेल अशा भाषेत स्वतंत्र प्रश्नाने विचारली होती का? 'सी.ए. रिपोर्टबद्दल काय म्हणायचंय?' एवढंच विचारून मोकळे झाले असतील, तर ती बाब त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, हा मुद्दा अपिलाच्या कारणांत वेगळा क्रमांक देऊन मांडा. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, १९८४ च्या शरद बिरदीचंद सारडा निकालात, न विचारलेली परिस्थिती सर्वोच्च न्यायालयाने बाजूला काढली होती.